पाण्याचें रसायन आणि भिवंडीचे माग

भिवंडीचें नांव काढलें कीं यंत्रमागांचा खडखडाट आठवतो. उत्तर हिंदुस्थानांतून आलेल्या मोमीन विणकरांनीं येथें हातमाग आणले, पुढें वीज आली, हातमागाची जागा यंत्रमागानें घेतली आणि ठाणें जिल्ह्यांतील हें जुनें बंदरगांव कोऱ्या कापडाचें मोठें केंद्र बनलें. परंतु मागाचा धोटा फिरूं लागण्यापूर्वीं या धंद्याला एका मुक्या पदार्थाची गरज लागते, आणि तो पदार्थ म्हणजे पाणी. ताण्याच्या सुताला खळ दिल्यावांचून तें मागाचा ताण व घासणी सोसत नाहीं. खळ शिजवावयाची तर वाफ हवी. खळींतून निघालेलें सूत तापलेल्या रुळांवरून नेऊन वाळवावयाचें, तरीहि वाफच हवी. वाफेसाठीं बॉयलर लागतो आणि बॉयलरला पाणी लागतें. तें पाणी कसें आहे, यावर जळणाचा खर्च, यंत्राचें आयुष्य आणि प्रसंगीं माणसाचे प्राणहि अवलंबून असतात.

पाणी सुधारण्याच्या या विद्येला औद्योगिक रसायनशास्त्राची एक स्वतंत्र शाखा मानतात. तिच्यांत प्रयोगशाळा आहेत, पेटंटें आहेत, मोठमोठ्या कंपन्या आहेत. त्यांच्या संशोधनाचें फळ मात्र डोळ्यांना सहसा दिसत नाहीं. नवें यंत्र आलें तर तें दहा माणसें पाहावयास जमतात. पण बॉयलरच्या नळींत खपली धरली नाहीं, ही गोष्ट पाहावयास कोण जमणार? जें घडलें नाहीं तेंच येथें यश असतें. म्हणून या संशोधनाची ओळख करून घेतांना, तें कोणत्या अडचणीवर उत्तर म्हणून निर्माण झालें, हें आधीं पाहिलें पाहिजे.

या दृष्टीनें भिवंडी तालुक्यासारखें ठिकाण शोधूनहि सांपडणार नाहीं. मुंबईची तहान भागविणाऱ्या पाण्याचा फार मोठा भाग याच तालुक्यांतून जातो. भातसा नदीचें पाणी पिसे येथील बंधाऱ्यावरून उपसून पांजरापूर येथें शुद्ध करतात आणि मग तें मुंबईकडे वाहून नेतात. उल्हास नदीचें पाणी शहाड येथें उचलून टेमघर येथें स्वच्छ करतात. ‘स्टेम’ या नांवानें ओळखली जाणारी ही व्यवस्था ठाणें, भिवंडी, मीरा-भाईंदर आणि ग्रामीण भागांतील गांवांना पाणी पुरविते. म्हणजे एकाच तालुक्यांत पाणी पिण्याजोगें करण्याचें शास्त्रहि आहे आणि वाफेजोगें करण्याचेंहि. हीं दोन शास्त्रें सख्ख्या भावंडांसारखीं असलीं तरी त्यांच्या मागण्या निरनिराळ्या आहेत. जें पाणी पोटाला उत्तम तें बॉयलरला उत्तम असेलच असें नाहीं.

प्रथम पिण्याच्या पाण्याची गोष्ट. आषाढांत सह्याद्रीच्या उतारावरून माती धुऊन आली कीं नद्यांचें पाणी गढूळ होतें. तें भांड्यांत भरून ठेवलें तर वाळू तळाशीं बसते, पण गढूळपणा जात नाहीं. कारण त्यांतील मातीचे अतिसूक्ष्म कण ऋण विद्युद्भार धारण करतात आणि सजातीय भार एकमेकांना दूर लोटीत असल्यामुळें ते एकत्र येऊन जड होऊं शकत नाहींत. आपल्याकडील गृहिणी माठांत तुरटी फिरवीत किंवा निवळीचें बीं उगाळून टाकीत, तेव्हां हा अनुभव त्यांना पूर्ण ठाऊक होता. कारण मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उलगडलें. जर्मनींत शुल्झ यांनीं १८८२ सालीं आणि इंग्लंडमध्यें हार्डी यांनीं १९०० सालीं दाखवून दिलें कीं, अशा कणांना एकत्र आणण्याचें सामर्थ्य विरुद्ध विद्युद्भाराच्या पटीपेक्षां कितीतरी अधिक वेगानें वाढतें. मिठांतील सोडियमचा भार एकपट, चुन्यांतील कॅल्शियमचा दुप्पट, आणि तुरटींतील ॲल्युमिनियमचा तिप्पट असतो. म्हणून चिमूटभर तुरटी जें काम करते तें मूठभर मीठ करीत नाहीं.

एवढें कळल्यानें काम संपत नाहीं. तुरटी किती टाकावी, हा प्रश्न रोज नव्यानें सोडवावा लागतो. ती कमी पडली तर गाळ बसत नाहीं. अधिक झाली तर पाण्याचा स्वाभाविक क्षारपणा खाऊन टाकते, पाणी आम्लाकडे झुकतें आणि ॲल्युमिनियम पाण्यांत राहून जातें. याकरितां शुद्धीकरण केंद्रांत एक साधा प्रयोग करतात. सहा कांचेच्या पात्रांत एकाच नदीचें पाणी घेऊन प्रत्येकांत तुरटीचें प्रमाण वेगळें ठेवतात. क्षणभर जोरानें ढवळून मग बराच वेळ हळूहळू ढवळतात आणि पाणी निवळूं देतात. ज्या पात्रांत थोडक्या तुरटीनें पाणी सर्वांत स्वच्छ झालें तें प्रमाण त्या दिवसाचें. पुढें रसायनशास्त्रज्ञांनीं ‘पॉली ॲल्युमिनियम क्लोराइड’ हा पदार्थ तयार केला. त्यांत तुरटीची पाण्याशीं होणारी अर्धी क्रिया कारखान्यांतच उरकलेली असते; त्यामुळें तो पाण्याचा क्षारपणा कमी खातो आणि गढूळपणा अकस्मात् वाढला तरी लवकर काम देतो. गाळ बसल्यावर वाळूच्या थरांतून पाणी गाळतात व शेवटीं क्लोरीन देतात. अर्ध्या तासाच्या संयोगानंतर प्रत्येक लिटरमागें निदान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन शिल्लक राहिला पाहिजे, हा भारतीय मानकाचा दंडक आहे. नळाच्या पाण्याला कधीं जो उग्र वास येतो, तो या पहारेकऱ्याच्या हजेरीचा वास होय.

आतां बॉयलरकडे वळूं या. स्वच्छ, निवळलेलें, चवीला गोड असें पाणीहि बॉयलरला घातक ठरूं शकतें, कारण त्यांत डोळ्यांना न दिसणारे कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळलेले असतात. अशा पाण्याला जड किंवा दुष्फेन पाणी म्हणतात. त्यांत साबणाला फेस येत नाहीं आणि डाळ लवकर शिजत नाहीं, ही त्याची घरगुती ओळख. कोंकणांतील नद्यांचें पावसाळी पाणी बहुधा हलकें असतें. पण विहिरींचें व विंधण विहिरींचें पाणी खडकांतून झिरपत येत असल्यानें जड होतें, आणि खाडीलगत त्यांत खारटपणाहि उतरतो. पिण्याच्या पाण्यांत लिटरमागें २०० मिलिग्रॅमपर्यंत जडपणा भारतीय मानकानें योग्य मानला आहे, आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतला आहे. पोटाची अशी सहनशीलता बॉयलरच्या अंगीं नाहीं.

एक साधा हिशेब मांडून पाहावा. एखाद्या सायझिंग कारखान्याचा बॉयलर तासाला एक टन वाफ तयार करतो आणि दिवसाला दहा तास चालतो असें धरलें, तर रोज दहा हजार लिटर पाणी त्यांत जातें. त्या पाण्याचा जडपणा लिटरला १५० मिलिग्रॅम असला तर रोज दीड किलो क्षार आंत शिरतात. वाफ निघून जाते, क्षार मागें राहतात. वर्षाला तीनशें दिवस काम झालें तर साडेचारशें किलो दगड त्या लोखंडी पोटांत पडला! त्यांतील कांहीं भाग तळचें पाणी सोडतांना वाहून जातो. उरलेला नळ्यांच्या अंगाला खपलीच्या रूपानें चिकटतो. ही खपली उष्णतेला लोखंडाच्या मानानें फारच कमी वाट देते. परिणामीं तेवढीच वाफ काढावयास जळण अधिक लागतें, आणि आंतून पाण्याचा गारवा न मिळाल्यामुळें नळीची धातु तापून मऊ पडते. शेवटीं एके दिवशीं ती फुगते किंवा फुटते.

बॉयलरच्या अपघाताचें भय हिंदुस्थानाला नवें नाहीं. १८६३ सालीं कलकत्त्यांत बॉयलर फुटून माणसें दगावलीं आणि त्यानंतर १८६४ मध्यें बंगाल प्रांतानें बॉयलरच्या तपासणीचा कायदा केला. सबंध देशाकरितां असा कायदा १९२३ सालीं झाला. कायदा तपासनीस पाठवूं शकतो. पण तो वर्षांतून एकदां येतो, आणि खपली रोज वाढत असते. रोजचा शत्रु रोजच्या उपायानेंच आवरला पाहिजे, आणि येथेंच रसायनशास्त्राचें काम सुरू होतें.

पहिला उपाय ॲबर्डीनच्या थॉमस क्लार्क यांनीं १८४१ सालीं काढला. जड पाण्यांत हिशेबानें चुन्याची निवळी मिसळली कीं विरघळलेला चुना चुनखडीच्या रूपानें खालीं बसतो. चुन्यानेंच चुना काढावयाचा, अशी ही कांट्यानें कांटा काढण्याची युक्ति. परंतु तीस मोठ्या टाक्या लागतात व गाळ उपसावा लागतो. शिवाय जो जडपणा गंधकाम्लाच्या क्षारांमुळें येतो तो केवळ चुन्यानें जात नाहीं, त्याला धुण्याचा सोडाहि घालावा लागतो. लहान कारखान्याला हा खटाटोप झेपण्यासारखा नव्हता.

दुसरा उपाय शेताच्या मातींतून निघाला. यॉर्कशायरमधील थॉम्सन नांवाच्या एका जमीनदाराच्या मनांत आलें कीं, शेताला दिलेलें खत पावसानें वाहून कां जात नाहीं, हें पाहावें. त्यानें मातीच्या थरावर अमोनियम सल्फेटचें पाणी ओतलें, तों खालून निघालेल्या पाण्यांत अमोनिया नव्हता, चुन्याचा क्षार होता! मातीनें एक वस्तु ठेवून घेतली होती आणि तिच्या बदल्यांत दुसरी परत केली होती. रसायनशास्त्रज्ञ वे यांनीं त्याचा पद्धतशीर अभ्यास करून तो १८५० सालीं प्रसिद्ध केला. या अदलाबदलीलाच आयन-विनिमय म्हणतात. बाजारांत नोट देऊन सुटे पैसे घ्यावे, एकूण रक्कम तीच राहावी, तसा हा व्यवहार आहे. त्यानंतर अर्धें शतक तो केवळ एक नवल म्हणून राहिला. १९०५ च्या सुमारास जर्मनीच्या रॉबर्ट गान्स यांनीं या गुणाची कृत्रिम माती बनवून तिच्यांतून जड पाणी नेलें. चुना मातींत अडकला आणि त्याच्या जागीं सोडियम पाण्यांत आला. सोडियमचे क्षार खपली धरीत नाहींत, म्हणून काम झालें.

त्यापुढील पाऊल १९३५ सालचें. इंग्लंडांतील टेडिंग्टनच्या सरकारी प्रयोगशाळेंत ॲडम्स आणि होम्स यांनीं दाखविलें कीं कृत्रिम राळेंतहि हाच गुण आणतां येतो. फुटक्या ग्रामोफोन तबकड्यांच्या चुऱ्यांत हा गुण दिसून आल्यावरून ते या मार्गाला लागले, अशी कथा सांगतात. अमेरिकेंत द’अलेलिओ यांनीं १९४४ मध्यें पेटंट घेतलेली पॉलिस्टायरिनची राळ तर इतकी टिकाऊ निघाली कीं जगांतील पाणी हलकें करण्याचीं बहुतेक यंत्रें आज तिच्याच वंशजांवर चालतात. साबुदाण्यापेक्षां लहान, मधासारख्या रंगाचे हे मणी लोखंडी पिंपांत भरलेले असतात. शंभर लिटर मण्यांनीं सुमारें पांच किलो जडपणा धरला कीं ते थकतात. म्हणजे वरील हिशेबांतल्या बॉयलरला तिसऱ्या-चौथ्या दिवशीं त्यांना ताजें करावें लागतें. त्यासाठीं दहा ते पंधरा किलो साध्या मिठाचें पाणी त्यांच्यांतून सोडतात. मण्यांनीं धरलेला चुना सुटून वाहून जातो आणि सोडियम पुन्हां जागेवर येऊन बसतो.

तरीहि थोडा जडपणा निसटतोच, शिवाय पाण्यांत विरघळलेला प्राणवायु लोखंडाला खड्डे पाडतो. यांवर संशोधकांनीं औषधें काढलीं. पाण्यांत काहीं विशिष्ट फॉस्फेटें लिटरमागें केवळ दोन-चार मिलिग्रॅम मिसळलीं तरी चुन्याच्या स्फटिकांची वाढ खुंटते, असें १९३० नंतरच्या दशकांत आढळलें. चुन्याच्या प्रत्येक कणाला औषधाचा एक कण लागत नाहीं. स्फटिकाच्या वाढत्या टोकावर औषध बसलें कीं पुढची रांग जुळत नाहीं, एवढ्यावर काम भागतें. आज त्या जागीं फॉस्फोनेटें व ॲक्रिलिक जातीचीं बहुवारिकें वापरतात. प्राणवायूसाठीं सोडियम सल्फाइट देतात. एक भाग प्राणवायु बांधावयास तें सुमारें आठ भाग लागतें.

हिंदुस्थानांत या विद्येनें स्वतंत्र घर केलें तें स्वातंत्र्यानंतर. १९५८ सालीं नागपुरास सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची मध्यवर्ती संशोधन संस्था निघाली. तीच १९७४ पासून ‘नीरी’ या नांवानें प्रसिद्ध आहे. मुंबईंत १९६४ सालीं पर्म्युटिट या इंग्रज कंपनीच्या अंगानें आयन एक्स्चेंज ही कंपनी सुरू झाली आणि १९८५ मध्यें ती पूर्णपणें भारतीय झाली. अशा कंपनीच्या संशोधनाचें फळ तीन रूपांनीं बाहेर पडतें. पहिलें रूप पेटंटाचें. त्यांत शोधाची कृति जगापुढें उघड करावी लागते आणि त्याच्या मोबदल्यांत अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षें मक्तेदारी मिळते. दुसरें रूप शास्त्रीय निबंधाचें. तिसरें रूप अगदीं साधें दिसतें, पण कारखान्याच्या दृष्टीनें तेंच सर्वांत मोलाचें: अमुक पाण्याला अमुक राळ, अमुक इतकें मीठ, अमुक इतकें औषध, असा नेमका कोष्टक-कागद.

या तिसऱ्या रूपाची थोरवी नागपूरच्या संस्थेच्या एका कामावरून दिसते. तेलंगणांतील नलगोंडा जिल्ह्यांत पाण्यांतील फ्लोराइडनें माणसांचे दांत डागाळत आणि हाडें वांकडीं होत. पिण्याच्या पाण्यांत फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमहून अधिक नसावें आणि नाइलाज असला तरी १.५ च्या वर जाऊं नये, असें मानक आहे. संस्थेनें जी ‘नलगोंडा पद्धति’ दिली तिच्यांत नवा असा एकहि पदार्थ नव्हता. तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर, बस्स. नवें होतें तें प्रमाण, क्रम आणि वेळ. आणि बादलीभर पाण्यापासून गांवाच्या टाकीपर्यंत कोणालाहि वापरतां यावें असें त्याचें कोष्टक. संशोधनाचें फळ प्रत्येक वेळीं बाटलींत भरूनच मिळतें असें नाहीं.

भिवंडीच्या बॉयलरखोलींतहि खरी उणीव रसायनांची नसते, मोजण्याची असते. राळ भरली, मीठ आणलें, आणि मणी थकल्याचें कोणी पाहिलेंच नाहीं, तर सारें यंत्र केवळ शोभेचें पिंप होऊन बसतें. वास्तविक परीक्षा सोपी आहे. क्लार्क यांनीं जडपणा मोजावयास साबणाचें पाणी वापरलें होतें; आजचा बॉयलरवाला लहान बाटलींत पाणी घेऊन एक रंगद्रव्य घालतो व दुसऱ्या औषधाचे थेंब मोजीत टाकतो. दारूसारखा लाल रंग निळा झाला कीं थेंबांवरून जडपणा कळतो. पहिल्या चिमटीलाच पाणी निळें झालें तर मणी ठीक काम करीत आहेत असें समजावें. लाल झालें तर बॉयलरमध्यें दगड जात आहे. हें काम दोन मिनिटांचें आहे. तें करणाऱ्या माणसाला त्याचा अर्थ समजावून सांगितला आहे कीं नाहीं, यावर प्रयोगशाळेंतल्या कित्येक वर्षांच्या श्रमांचें सार्थक ठरतें.

या विद्येची दुसरी बाजू नदीच्या कांठीं दिसते. पाण्यांतून काढलेला मळ नाहींसा होत नाहीं, तो दुसरीकडे जातो. मण्यांवरून सुटलेला चुना व मिठाचें पाणी गटारांत जातें, बॉयलरच्या तळचें क्षारयुक्त पाणी जातें, खळीच्या हौदांचें धुवण जातें. खळ म्हणजे पिष्टमय पदार्थ. नदींतील सूक्ष्म जंतु तो खातात आणि खातांना पाण्यांतला प्राणवायु संपवितात. हा भार मोजण्याचें माप ठरलेलें आहे, आणि नदींत सोडावयाच्या सांडपाण्यांत तें लिटरला ३० मिलिग्रॅमपेक्षां अधिक नसावें असा सर्वसाधारण नियम आहे. खळीऐवजीं कृत्रिम द्रव्य वापरलें तर हा भार घटतो, पण तें द्रव्य जंतूंना सहज पचत नाहीं व पाण्यांत टिकून राहतें. म्हणजे एक दुखणें काढतांना दुसरें पदरीं येतें. रंगाईच्या कारखान्यांत तर रंगाचा एक भाग कापडावर न बसतां पाण्यांतच राहतो. भिवंडी शहराजवळून खाडीकडे जाणारी कामवारी नदी अशा सांडपाण्यानें आजारली आहे.

कायद्यांची उणीव नाहीं. महाराष्ट्रानें जलप्रदूषणाचा कायदा १९६९ सालीं केला, १९७० मध्यें मंडळ नेमलें, आणि केंद्राचा कायदा १९७४ मध्यें आला. शास्त्रानेंहि उपाय दिले आहेत. १९६० च्या सुमारास कॅलिफोर्नियांत सिडनी लोब आणि मूळचे भारतीय श्रीनिवास सौरीराजन यांनीं अशी पातळ पापुद्र्याची गाळणी तयार केली कीं दाबाखालीं तिच्यांतून पाणी पार जातें आणि क्षार मागें राहतात. तमिळनाडूंतील तिरुप्पूर येथें २०११ सालीं मद्रास उच्च न्यायालयानें रंगाईचे कारखाने बंद करावयास सांगितले, आणि सांडपाण्याचा थेंबहि बाहेर न सोडण्याची अट पाळण्यासाठीं तेथें अशाच गाळण्यांचा आश्रय घ्यावा लागला. पाणी परत वापरांत येऊं लागलें. पण शेवटीं उरलेल्या क्षारांचे ढीग कोठें ठेवावे आणि वीज किती जाळावी, हे प्रश्न राहिलेच.

म्हणून लहान कारखान्यांच्या गांवाला शहाणपणाचा मार्ग उगमापासून सुरू होतो. पाणी मोजून घ्यावें. जडपणाची रोज परीक्षा करावी व ती वहींत लिहावी. मीठ हिशेबानें द्यावें, कारण जास्त दिलेलें मीठ मण्यांना लागत नाहीं, तें नदीला लागतें. खळ कामाच्या अंदाजानें शिजवावी, उरलेली गटारांत ओतूं नये. वाफ निवून जें ऊन पाणी परत येतें तें बॉयलरलाच द्यावें. तें निसर्गतःच हलकें असतें, आणि त्यानें जळण, मीठ व पाणी या तिहींची बचत होते. एकट्याला परवडत नसेल तर दहा कारखान्यांनीं मिळून पाणी हलकें करण्याची व सांडपाणी निवळण्याची सोय करावी आणि एक जाणता रसायनज्ञ ठेवावा. कोणत्याहि कंपनीच्या संशोधनाचा निकाल पाहावयाचा असेल तर तो बॉयलर वर्षाच्या तपासणीसाठीं उघडतात त्या दिवशीं पाहावा. आंतील नळीवरून बोट फिरवावें. बोटाला गुळगुळीत लोखंड लागलें कीं त्या वर्षाचा हिशेब बरोबर जमला असें समजण्यास हरकत नाहीं.